डेंग्यूच्या निदानात रक्तगणना

रक्तगणना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'सीबीसी', ही रक्तातील पेशी मोजणारी तपासणी आहे. डेंग्यूचा विषाणू तिच्यात सापडत नाही. डेंग्यू ओळखायला पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूचे प्रथिन) आणि साधारण पाचव्या दिवसापासून आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे) या तपासण्या आहेत. तरी पावसाळ्यात तापाच्या रुग्णाची पहिली तपासणी बहुधा सीबीसीच असते, कारण ती स्वस्त आहे, लवकर होते आणि तालुक्याच्या गावीही मिळते.

अहवाल वाचण्याआधी ताप येऊन किती दिवस झाले ते विचारावे, कारण आकड्यांचा अर्थ दिवसावर ठरतो. प्रौढात पांढऱ्या पेशी एरवी दर मायक्रोलिटरला ४,००० ते ११,००० असतात. डेंग्यूत त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच घटतात आणि अनेकदा ४,००० च्या खाली जातात. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी (लोक यांनाच नुसते 'पेशी' म्हणतात), दीड ते साडेचार लाख असतात. त्या मागाहून उतरतात आणि तिसऱ्या ते सातव्या दिवसात एक लाखाखाली जाऊ शकतात. पहिल्या दिवशीचा अहवाल अगदी चांगला दिसला, तरी त्यावरून डेंग्यू नाही असे म्हणता येत नाही.

घरच्यांचे सारे लक्ष प्लेटलेटवर असते. खरा धोका मात्र हिमॅटोक्रिट (पीसीव्ही), म्हणजे रक्तात लाल पेशींनी व्यापलेला टक्का, सांगतो. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागला की रक्त दाटते आणि हा आकडा चढतो. मूळ पातळीपेक्षा २० टक्के वाढ हे गळतीचे लक्षण मानतात. एखाद्या रक्तक्षयी स्त्रीचा हिमॅटोक्रिट तिसऱ्या दिवशी ३० आणि पाचव्या दिवशी ३६ आला, तर ३६ वर लॅबची लाल खूण पडणार नाही, पण वाढ नेमकी २० टक्के आहे. म्हणून तापाच्या सुरुवातीचा अहवाल जपून ठेवणे फार मोलाचे आहे. गळती बहुधा ताप उतरताना सुरू होते आणि २४ ते ४८ तास चालते. 'ताप गेला, आता बरे वाटेल' म्हणून तपासणी थांबवणे याच वेळी सर्वांत घातक ठरते. दाखल रुग्णात या काळात हिमॅटोक्रिट दर ४ ते ६ तासांनी पाहतात. तो एकाएकी उतरला आणि नाडीही बिघडली, तर आतल्या रक्तस्रावाची शंका घ्यावी. रुग्ण सुधारताना आधी पांढऱ्या पेशी वाढतात आणि प्लेटलेट मागून येतात.

चुका बऱ्याचदा नमुन्यातच होतात. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) नळीत खुणेपर्यंत रक्त भरून ती ८ ते १० वेळा हलकेच उलटीसुलटी करावी लागते. हे राहिले तर बारीक गुठळी होते, प्लेटलेट तिच्यात अडकतात आणि आकडा खोटा कमी येतो. काहींच्या प्लेटलेट ईडीटीएमुळेच एकमेकींना चिकटतात. अशा वेळी निळ्या झाकणाच्या सायट्रेट (रक्त गोठू न देणारे दुसरे रसायन) नळीत नमुना घेऊन आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात. उलट, लोहाच्या कमतरतेतल्या फार लहान लाल पेशींना यंत्र प्लेटलेट समजू शकते आणि मग आकडा खोटा जास्त येतो. यंत्राने प्लेटलेट फार कमी दाखवल्या की काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलीच पाहिजे. पुंजके तिथे लगेच दिसतात, आणि डेंग्यूत वाढणारे मोठे, प्रतिक्रियाशील लिम्फोसाइटही (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार).

रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट १०,००० च्या खाली जाईपर्यंत त्या चढवण्याची सहसा गरज नसते. आकडा धरून पिशव्यांसाठी धावाधाव करण्यापेक्षा लघवी, नाडी, पोटदुखी आणि सततच्या उलट्यांकडे पाहावे.

प्लेटलेट मलेरियातही घटतात, म्हणून त्याच काचपट्टीवर परजीवी शोधावेत. पुराच्या पाण्यातून किंवा भातखाचरातून आलेल्या रुग्णात प्लेटलेट कमी पण न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) वाढलेले आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) चढलेले असेल, तर आधी लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार आठवावा. त्यावर प्रतिजैविक लागते आणि ते जितके लवकर सुरू होईल तितके बरे.