डिजिटल फोटो कोलाज : बेळगाव सीमाभागातल्या नवशिक्यांसाठी

डिजिटल फोटो कोलाज म्हणजे वेगवेगळे फोटो किंवा फोटोंचे कापलेले तुकडे मोबाईलवर नाहीतर कॉम्प्युटरवर एकाच चौकटीत मांडून तयार केलेलं नवीन चित्र. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात दुकानात जाऊन कुणी "कोलाज करा" असं म्हणत नाही, "एवढे फोटो एका फ्रेममध्ये बसवून द्या की ओ" असं म्हणतात, पण वस्तू तीच. लग्नाच्या अल्बमचं पान, वाढदिवसाचा बॅनर, श्रद्धांजलीचा फ्लेक्स, गणपती मंडळाचं पोस्टर, दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्याचा फलक, सगळं ह्याच जातीतलं. इथलं पोरगं कोलाज बघतच मोठं होतं, करायला मात्र कुणी समोर बसवून शिकवत नाही, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितोय.

ढोबळ प्रकार दोन. एक चौकोनांचा, म्हणजे प्रत्येक फोटो आपल्या खणात आणि मध्ये पांढरी रेघ, हा मोबाईलवर पाच मिनिटांत होतो. दुसरा कापून जोडण्याचा, ज्यात माणसाचं मागचं बॅकग्राउंड काढून त्याला दुसऱ्या दृश्यात उभं करतात, याला फोटोमोंताज पण म्हणतात आणि खरं शिकणं ह्याच्यात आहे.

मागचा इतिहास

शब्द फ्रेंच, चिकटवणं या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. १९१२ मध्ये पिकासोनं आपल्या एका चित्रात खुर्चीच्या वेताची वीण छापलेलं मेणकापड चिकटवलं आणि चौकटीला चक्क दोर गुंडाळला, त्याच वर्षी त्याचा चित्रकार मित्र ब्राक यानं लाकडासारखा दिसणारा भिंतीचा कागद चित्रात लावला, तिथून कलेत कोलाज रुळलं. फोटोंची जोडाजोड मात्र त्याच्याही आधीची आहे, ऑस्कर रेलँडर या फोटोग्राफरनं १८५७ मध्ये तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एकच मोठा फोटो केला होता. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये हाना होख ही चित्रकार मासिकांतले फोटो कात्रीनं कापून फोटोमोंताज करायची. आपल्याकडे राजस्थानात नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांनी श्रीनाथजींच्या पूजेच्या चित्रात यजमान भक्ताचा चेहरा फोटोतून कापून चिकटवायचा आणि बाकी अंग रंगवायचं, असं केलेली जुनी चित्रं आहेत.

आणि घरातलंच उदाहरण बघायचं तर जुन्या घरात सोप्याच्या भिंतीवर, छताखाली थोडी पुढं झुकवून टांगलेली ती मोठी फ्रेम आठवा. मध्ये आजोबा-आजीचा स्टुडिओतला फोटो, कडेनं पोरांचे पासपोर्ट, मिलिटरीतल्या काकांचा वर्दीतला, आणि काचेच्या फटीत नंतर खोवलेला नातवाचा रंगीत. ते कोलाजच आहे, आणि ते लावणाऱ्याला कोण मध्ये, कोण कडेला हे नीट कळत होतं.

कॉम्प्युटरवर हे काम सोपं झालं ते लेयरमुळं. फोटोशॉप १९९० मध्ये आलं, पण लेयरची सोय त्यात १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली.

लेयर आणि मास्क

लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा समजा. खालच्या काचेवर बॅकग्राउंड, त्याच्यावर घर, त्याच्यावर आजी, सगळ्यात वर नाव. आजीची काच सरकवली तर घर हलत नाही. एवढं डोक्यात बसलं की कुठलंही ॲप घ्या, अडत नाही.

मास्क थोडा अवघड वाटतो पण पहिल्या आठवड्यातच शिकावा असं माझं स्पष्ट मत आहे. खोडरबर फिरवला की फोटोचा तो भाग गेला, फाईल सेव्ह करून बंद केल्यावर परत येत नाही. मास्कमध्ये काळा ब्रश फिरवला की तो भाग नुसता झाकला जातो, पांढरा फिरवला की परत दिसतो. केसांजवळ चुकलं, कान अर्धा गेला, काही बिघडत नाही, पांढरा ब्रश घ्यायचा आणि कान परत आणायचा.

ॲपचं म्हणाल तर मोबाईलवर पिक्सआर्ट आणि कॅनव्हा बहुतेकांना माहीत आहेत, कॉम्प्युटरवर गिंप पूर्ण फुकट आहे, फोटोपी तर ब्राउझरमध्येच चालतं आणि दिसायला बरंचसं फोटोशॉपसारखं आहे. तयार टेम्प्लेटपासून मात्र पहिला महिनाभर लांब राहावं. लग्नाच्या करिष्मा अल्बमसाठी १२ बाय ३६ इंचाची तयार पीएसडी (म्हणजे फोटोशॉपची लेयरवाली फाईल) पानं मिळतात, त्यात फुलं, ढग, हृदयं आधीच मांडलेली असतात आणि आपण फक्त फोटो टाकायचा, त्यानं पान होतं पण हात तयार होत नाही, म्हणूनच दहा लग्नांचे अल्बम शेजारी ठेवले तर नवरा-नवरी तेवढी बदललेली दिसतात.

फोटो निवडणं

खरं काम इथं आहे. समजा आजीची पंच्याहत्तरी आहे, घरच्या ग्रुपवर सांगितलं की रात्रीत साठ फोटो येऊन पडतात, आणि कुणाचा वगळला तर राग येईल म्हणून नवशिका सगळे घालतो. आता हिशोब करा. ए-फोर कागद साधारण ८ बाय साडेअकरा इंच, त्यात साठ राहू द्या, आडवे ४ आणि उभे ६ अशा २४ खणांत २४ फोटो जरी बसवले तर एका फोटोला जेमतेम दोन इंच मिळतात, आणि फोटो जर अख्ख्या कुटुंबाचा असेल तर त्यात आजीचा चेहरा हरभऱ्याएवढा येतो. जिच्यासाठी सगळं केलं तीच दिसत नाही!

म्हणून एक फोटो मोठा. तो ठरल्याशिवाय दुसरा उघडायचाच नाही. तो मोठा फोटो सगळ्यात चांगल्या कॅमेऱ्यातला असायची गरज नाही, ज्यात माणूस त्याच्यासारखा दिसतो तो घ्यायचा. मी एका कोलाजला आजीचा जात्यावर बसलेला, जरा हललेला फोटो मध्ये घेतला होता आणि स्टुडिओतला, हातात रुमाल धरून ताठ बसलेला, कोपऱ्यात लहान ठेवला, घरच्यांनी आधी नको म्हटलं, फ्रेम भिंतीवर लागल्यावर बघत उभे राहिले. बाकीचे सहा-सात पुरे. उरलेल्यांचा वेगळा अल्बम करा, कोणी रागावत नाही.

जुने फोटो कॉपी करताना

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात फोटोंचं काय होतं ते तिथल्या लोकांना सांगायला नको. बुरशी येते, कसर लागते, आणि चिकट पानांच्या अल्बममधले फोटो वरच्या प्लास्टिकला धरून बसतात. ते ओढून काढायचे नाहीत, रंगाचा थर प्लास्टिकसोबत निघून येतो. आहे तसंच पान खिडकीजवळ सपाट ठेवायचं, ऊन थेट पडू द्यायचं नाही, मोबाईल बरोबर वरून समांतर धरायचा, फ्लॅश बंद. काचेच्या फ्रेमवर आपलंच प्रतिबिंब येत असेल तर मोबाईलच्या मागं काळी चादर धरून दोघांनी मिळून फोटो काढायचा, चमक जाते.

स्टुडिओचा शिक्का कापू नका ही विनंती. कोपऱ्यात कागदावर उठवलेला शिक्का असतो, नाहीतर मागं बेळगाम असं जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये छापलेलं असतं. हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, आजोबांचा फोटो त्या काळातला असेल तर तो शिक्का घरच्या इतिहासाचाच तुकडा आहे, कोलाजमध्ये त्याला बोटभर जागा द्या.

रंग, उजेड, दिशा

आमच्याकडं गावोगाव महालक्ष्मीची यात्रा भरते, कित्येक गावांत ती बऱ्याच वर्षांनी एकदाच येते, म्हणून तिचं कोलाज सगळ्यांनाच पाहिजे असतं. त्यात अडचण भंडाऱ्याची. रथाच्या वेळी हवा पिवळी, माणसं पिवळी, रस्ता पिवळा, आणि रात्रीचे फोटो हॅलोजनमुळं नारिंगी. नवशिका ऑटोचं बटण दाबतो, ॲपला वाटतं पिवळा रंग म्हणजे चूक, ते भंडारा राखेसारखा करून टाकतं. ऑटो दाबायचंच नाही. फोटोत भंडारा न पडलेली एखादी पांढरी जागा शोधायची, मंडपाचं कापड, नाहीतर कुणाच्या धोतराचा आतला काठ, व्हाइट बॅलन्सचं (म्हणजे पांढरं कुठलं ते ॲपला दाखवायचं) ड्रॉपर तिथं टेकवायचं, कापड पांढरं झालं की भंडारा आपोआप हळदीच्या रंगावर येतो. मग बाकीचे फोटो त्या एका फोटोशेजारी ठेवून जुळवायचे.

कापून जोडताना पहिल्यांदा उन्हाची दिशा बघायची. एकाच्या डाव्या गालावर ऊन आणि शेजारच्याच्या उजव्या, मग जोड कितीही साफ असू दे, डोळ्याला खटकतं. यावर सोपा उपाय म्हणून फोटो आरशासारखा उलटवतात. पुरुषाचा उलटवला तर शर्टाची बटणं उलटी होतात, ते एखादवेळेस खपतं, पण आजीचा उलटवला तर डाव्या खांद्यावरचा इरकल साडीचा पदर उजव्या खांद्यावर जातो आणि घरातली बाई फोटो बघताक्षणी विचारते, "हे काय करून ठेवलास रे?" मागं दुकानाची पाटी असेल तर अक्षरंही उलटी. उलटवण्यापेक्षा दुसरा फोटो शोधलेला बरा.

कडा कापताना रेघेच्या किंचित आतून कापायचं आणि एक-दोन पिक्सेलचा फेदर द्यायचा, म्हणजे कड जरा मऊ करायची, नाहीतर माणसाभोवती जुन्या बॅकग्राउंडची पांढरी किनार राहते. पायाखाली सावली द्यायला विसरू नये. सावली नसली की माणूस तरंगतो.

सरावासाठी एक जागा सांगतो. बेळगावच्या किल्ल्यात कमलबस्ती आहे, रट्ट राजांच्या काळात १२०४ मध्ये बांधलेली जैन बस्ती म्हणजे मंदिर, तिच्या छतात दगडात कोरलेलं कमळ आहे ज्यावरून हे नाव पडलं. त्या छताचे एकाच जागी उभं राहून बारा-पंधरा फोटो काढा, पाकळी पाकळी करत, आणि घरी येऊन ते थोडे एकमेकांवर चढवून कमळ परत जुळवा. डेव्हिड हॉकनी हा इंग्रज चित्रकार १९८० च्या दशकात असेच एका दृश्याचे अनेक फोटो काढून जोडायचा. पाकळ्या तंतोतंत जुळणार नाहीत, जुळवायच्याही नाहीत, त्या चुकलेल्या जोडांतच आपण मान कशी फिरवली ते दिसतं. किल्ल्यात लष्कराचा भाग आहे, तिकडं मोबाईल वळवू नका.

अक्षरं : मराठी आणि कन्नड

सीमाभागातल्या कोलाजवर बऱ्याचदा दोन्ही लिप्या लागतात, घरचं नाव मराठीत, कार्यक्रमाचा मजकूर कन्नडमध्ये. जुने डिझायनर मराठीला श्रीलिपी आणि कन्नडला नुडी वापरत आलेत, त्यांच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर फॉन्ट नसेल तर भलत्याच खुणा दाखवतो. नवशिक्यानं सरळ युनिकोड धरावं, म्हणजे मोबाईलवर आपण टाइप करतो तीच पद्धत. मुक्ता आणि बालू हे फॉन्ट फुकट आहेत, आणि बालूचंच कन्नड भावंड बालू तम्मा नावानं मिळतं, त्यामुळं दोन्ही लिप्या एका घरातल्या वाटतात. फोटोशॉपमध्ये भारतीय लिपींची टेक्स्ट सेटिंग लावली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात, "शिवाजी" लिहून एकदा तपासायचंच. कन्नड येत नसेल तर छापायच्या आधी शेजारच्या काकांना वाचायला द्या, एक काना चुकला की नाव बदलतं.

छपाई

१२ बाय १८ इंचाची फ्रेम पाहिजे असेल तर ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेलची फाईल सुरुवातीलाच उघडायची, लहान करून नंतर ताणली की चेहरे फुटतात. फ्लेक्स लांबून बघतात म्हणून त्याला ७२ ते १०० सुद्धा चालतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बॅकग्राउंड काढलेला तुकडा पीएनजीत ठेवा, जेपीजीत केला की मोकळी जागा पांढरी भरते. स्क्रीनवरचा भडक भगवा किंवा मोरपंखी छापल्यावर थोडा मंद येतो, मशीनच्या शाईचा तो स्वभाव आहे. आणि कडेला अर्धा इंच कुणाचा चेहरा ठेवू नका, कटिंगमध्ये आणि फ्रेमच्या पट्टीखाली तेवढं जातंच, आमच्या एका फ्रेममध्ये मामांचा कान असाच पट्टीखाली गेला आणि परत छापायला लागलं.

परवानगी

वारलेल्या आजोबांना नातवाच्या लग्नाच्या फोटोत उभं करून द्या ही मागणी नेहमी येते. करायला हरकत नाही, पण घरातल्या सगळ्यात जवळच्या माणसाला, बहुतेक वेळा आजीलाच, आधी दाखवून विचारावं, अचानक भिंतीवर दिसलं तर सोसत नाही. कायद्याचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. नेटवरून उतरवलेल्या गड-किल्ल्यांच्या फोटोंना हे लागू नाही, ते दुसऱ्याचे आहेत. राजहंसगड आपल्या उशाला आहे, जाऊन स्वतः काढा.

फ्रेम बंद करायच्या आधी मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलनं डावीकडून उजवीकडं सगळ्यांची नावं, गाव आणि अंदाजे साल लिहायचं, आणि लेयरवाली मूळ फाईल जेपीजी करून झाल्यावर डिलीट न करता दोन ठिकाणी ठेवायची, पुढच्या वर्षी बाळाचा फोटो त्यातच घालायला सांगणार आहेत.