ट्यूब सीडी प्लेअर: व्हॉल्व्ह सर्वांत शेवटी बदला

ट्यूब सीडी प्लेअरचा आवाज सुधारायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: व्हॉल्व्ह, म्हणजे आतली काचेची ट्यूब, बदलून बघा. व्हॉल्व्ह सॉकेटमधून सहज निघतो, डाग द्यावा लागत नाही, म्हणून हा सल्ला सोयीचाही वाटतो. पण बहुतेक प्लेअरांत आवाज अडतो तो व्हॉल्व्हला मिळणाऱ्या विजेपाशी आणि त्याच्या पुढे बसवलेल्या कपॅसिटरपाशी. तिथे हात न लावता व्हॉल्व्हांची महागडी जुनी जोडी घातली, तर फरक जाणवला तरी दोष तसाच राहतो.

या यंत्रात व्हॉल्व्हचं काम मर्यादित असतं. लेसरने वाचलेले आकडे, सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डॅक चिपकडे, म्हणजे आकड्यांचा विद्युत सिग्नल करणाऱ्या चिपकडे, जातात. फिलिप्सच्या टीडीए१५४१ए सारख्या गाजलेल्या चिपमधून प्रवाह बाहेर पडतो, तोही फार तर ४ मिलिअँपिअर. त्याचं व्होल्टेज करण्याचं काम बहुतेक ठिकाणी ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी छोटी चिप) करतो आणि व्हॉल्व्ह त्याच्या नंतर येतो. सर्वांत मोठ्या आवाजाला सुमारे २ व्होल्ट बाहेर देणं, एवढंच त्याच्याकडून अपेक्षित असतं. एकेरी ट्रायोडमध्ये (तीन इलेक्ट्रोडच्या साध्या व्हॉल्व्हमध्ये) हे होताना मुख्यतः दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेचा स्वर, थोडा मिसळतो. ज्याला आपण ट्यूबचा भरीव आवाज म्हणतो, त्याचा मोठा भाग हाच. ऑप-अँपच्या आधीच हरवलेलं काही व्हॉल्व्ह परत आणू शकत नाही.

झाकण उघडण्याआधी एक गोष्ट. आत १५० ते २५० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी मुख्य कपॅसिटरच्या दोन टोकांना लावा. २२० मायक्रोफॅरड असेल तर १०-१२ सेकंदांत तो रिकामा होतो. तरीही मीटरने ५ व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करूनच हात घाला. चालू यंत्रात मोजताना मीटरची काळी पिन आधीच चॅसिसला क्लिपने लावा, म्हणजे एकच हात आत जाईल. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, जवळजवळ अदृश्य असतो. झाकण उघडं ठेवून लेन्सकडे पाहू नका.

आता पहिलं मोजमाप: व्हॉल्व्ह तापलेला असताना फिलामेंटचं, म्हणजे त्याला आतून तापवणाऱ्या तारेचं, व्होल्टेज. ६.३ व्होल्ट हवेत, ५ टक्के इकडे-तिकडे चालतात. चिनी बनावटीचे अनेक प्लेअर २२० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर येतात आणि आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, वेळप्रसंगी २४०. मग फिलामेंटलाही त्याच प्रमाणात जास्त, ६.६ ते ६.९ व्होल्ट मिळतात. असा व्हॉल्व्ह सुरुवातीला छानच वाजतो, पण कॅथोडवरचा (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावरचा) लेप लवकर उडतो, खरखर वाढते आणि वर्षभरात 'व्हॉल्व्ह कमकुवत निघाला' असा समज होतो. उपाय स्वस्त आहे. दोन ई८८सीसी व्हॉल्व्ह (यांचंच दुसरं नाव ६९२२) समांतर असतील तर मिळून ०.६ अँपिअर घेतात. त्यांच्या वाटेत ०.८२ ओहम, २ वॅटचा रेझिस्टर घातला की सुमारे अर्धा व्होल्ट कमी होतो.

गुणगुण ऐकू येत असेल तर तिची वारंवारता शोधा. प्लेअर एक मिनिट तापू द्या, मग त्याचा आउटपुट संगणकाच्या लाइन-इनला लावा, नि:शब्द ट्रॅक चालवा आणि एखाद्या मोफत स्पेक्ट्रम प्रोग्रॅममध्ये पाहा. १०० हर्ट्झचं टोक उंच असेल तर संशय हाय-व्होल्टेजच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर घ्यावा. पंधरा-वीस वर्षांत ते सुकतात. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, १०५ अंशांचे, ४५० व्होल्टचे नवे घाला. मूल्य मनाने दुप्पट करू नका, सुरुवातीच्या झटक्याने डायोड आणि फ्यूजवर ताण येतो. टोक ५० हर्ट्झवर असेल तर कारण फिलामेंटचा एसी, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा अर्थ लूप (दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून तयार झालेलं वर्तुळ). संगणक अर्थ असलेल्या चार्जरवर असेल तर लूप तिथूनही होतो, म्हणून आधी तो बॅटरीवर चालवून पाहा.

इथे बरेच जण फिलामेंट डीसी करायला जातात आणि गुणगुण वाढवून बसतात. ट्रान्सफॉर्मरच्या ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगवर ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) लावला की शिखराला साडेसात व्होल्टच्या आसपास मिळतात. एलएम३१७ या व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपला नीट चालायला आउटपुटपेक्षा दोन-अडीच व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे दर अर्ध्या आवर्तनात तो नियंत्रण सोडतो आणि तीच करवतीसारखी चढउतार फिलामेंटवर उतरते. डीसी हवाच असेल तर ९ व्होल्टचं वाइंडिंग पाहिजे. नसेल तर एसीच ठेवा, पण नीट: दोन्ही तारा घट्ट पिळून चॅसिसच्या कोपऱ्यातून न्या, दोन्ही टोकांवरून १०० ओहमचे दोन रेझिस्टर मध्यबिंदूला आणा आणि तो मध्यबिंदू ३० ते ४० व्होल्टवर उचला. त्या वाइंडिंगला आधीचं ग्राउंडचं जोडकाम असेल तर ते तोडावं लागेल. हाय-व्होल्टेज २५० असेल तर २२० किलोओहम (१ वॅट) आणि ३३ किलोओहमच्या विभाजकातून सुमारे ३३ व्होल्ट मिळतात; ३३ किलोओहमला समांतर १० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा कपॅसिटर जोडा. कॅथोड फिलामेंटपेक्षा कमी व्होल्टेजवर राहिला की फिलामेंटमधून त्याच्याकडे होणारी गळती थांबते आणि गुणगुण ऐकण्याजोगी कमी होते. सगळ्या फेरफारांत एवढ्या कमी पैशांत एवढा फायदा देणारं दुसरं काही नाही.

मग येतो आउटपुटचा कपॅसिटर. व्हॉल्व्हवरचा डीसी अडवून संगीत पुढे पाठवणारा हा एकच भाग, आणि कारखाने नेमकं इथेच पैसे वाचवतात. त्याचं मूल्य पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटवर ठरतं. ०.४७ मायक्रोफॅरड आणि १० किलोओहमचं इनपुट असेल तर ३४ हर्ट्झलाच आवाज ३ डेसिबल खाली येतो आणि पखवाजाचा धुमा हलका वाटतो. २.२ मायक्रोफॅरड घातला की ती मर्यादा ७ हर्ट्झवर जाते. पॉलिप्रॉपिलीन, ४०० व्होल्टचा घ्या. चालू करताना व्हॉल्व्ह गार असतो तेव्हा प्लेटवर (व्हॉल्व्हच्या सिग्नल बाहेर देणाऱ्या टोकावर) पूर्ण हाय-व्होल्टेज येतं, म्हणून कमी व्होल्टचा चालत नाही. मूल्य मोठं होत जातं तसा चालू करतानाचा धक्काही मोठा होतो. १० मायक्रोफॅरडची गरज क्वचितच. आउटपुटपासून ग्राउंडला ४७० किलोओहमचा रेझिस्टर आहे ना तेही पाहा. नसेल तर प्लेअर चालू असताना केबल लावली की ठोका बसेल.

आवाज वरच्या पट्टीत मंद, झाकोळलेला वाटत असेल तर आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे प्लेअरच्या आउटपुटचा अंतर्गत अडथळा, तपासा. १२एएक्स७ या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून थेट सिग्नल घेतलेला असेल तर तो सुमारे ३८ किलोओहम असतो. केबल आणि इनपुट मिळून ३०० पिकोफॅरड धरले तर १४ किलोहर्ट्झपासूनच झांजांची किनार बोथट होते, आणि १० किलोओहमच्या इनपुटवर आवाजाची पातळीही कोसळते. अशा वेळी आखूड, कमी कपॅसिटन्सची केबल मदत करते; पक्का उपाय म्हणजे कॅथोड फॉलोअर (प्लेटऐवजी कॅथोडवरून सिग्नल घेणारी जोडणी), जो हा इम्पिडन्स काहीशे ओहमवर आणतो.

आता व्हॉल्व्ह. जुना खरंच थकलाय का, हे कॅथोड रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजून कळतं: व्होल्ट भागिले ओहम म्हणजे प्रवाह. दोन चॅनलांत १५ टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर दोन व्हॉल्व्हांच्या जागा बदला. फरक व्हॉल्व्हबरोबर गेला तर तो बदला. पेन्सिलीच्या रबराने हलकेच टिचकी मारल्यावर स्पीकरमधून टणत्कार आला तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक आहे. सिलिकॉनची रिंग थोडी मदत करते, पण मुळातला शांत व्हॉल्व्ह निवडणं चांगलं.

नऊ पिना जुळल्या म्हणजे व्हॉल्व्ह जुळला असं नाही. १२एएक्स७ च्या सॉकेटमध्ये ६९२२ घातला आणि तिथे पिन ४ व ५ मध्ये १२.६ व्होल्ट असतील तर फिलामेंट जळेल; ४ आणि ५ एकत्र जोडलेल्या असतील तर तो पेटणारच नाही. ६एन१ हा व्हॉल्व्ह पिनांनी ६९२२ शी जुळतो, पण ०.३ ऐवजी ०.६ अँपिअर घेतो आणि ट्रान्सफॉर्मर तापवतो. साधा ईसीसी८८ प्लेटवर १३० व्होल्टपर्यंतच चालतो, ई८८सीसी २२० पर्यंत.

नवा-जुना ताडून ऐकताना ४०० हर्ट्झचा टेस्ट टोन लावून दोन्ही वेळा आउटपुट मोजा आणि पातळी ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे साधारण १ टक्क्यात, जुळवा. व्हॉल्व्ह बदलला की गेनही (सिग्नल किती पट वाढतो तेही) बदलतो, आणि अर्धा डेसिबल मोठा आवाज कानाला हमखास 'अधिक मोकळा' वाटतो.