दिव्यांगत्व प्रमाणपत्र, लाभ व अपील : पुणे

दिव्यांगत्व प्रमाणपत्र म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या शारीरिक, ज्ञानेंद्रियविषयक, बौद्धिक किंवा मानसिक न्यूनतेचे प्रमाण टक्क्यांत नोंदवून शासकीय वैद्यकीय प्राधिकाऱ्याने दिलेला दाखला. निर्वाह अनुदान, प्रवास सवलत, नोकरीतील व शिक्षणातील राखीव जागा, आयकर आणि व्यवसाय कर यांतील सूट हे बहुतेक सर्व लाभ या एका कागदावर अवलंबून असतात. पुण्यात दाखला देणारी मोठी सरकारी रुग्णालये आहेत आणि राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालयही चर्च पथावर आहे. त्यामुळे राज्यभरातील तक्रारी या शहरात येतात. आयुक्तालयाला टक्के बदलण्याचा अधिकार आहे, असा गैरसमजही त्यातूनच पसरला आहे.

संज्ञा : शासकीय मराठीत दीर्घकाळ ‘अपंग’ हा शब्द रूढ होता. ‘विकलांग’ हा हिंदीच्या वापरातून आला, पण बोलण्यात फारसा रुजला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ शब्द सुचवला आणि पुढे राज्याच्या कार्यालयांची नावेही तशी बदलली. दिव्यत्वाचा गौरव नको, हक्क हवा, असा आक्षेप दिव्यांगांच्या चळवळीतूनच घेतला गेला. रुग्णालयाच्या रांगेत मात्र अजूनही ‘अपंगाचा दाखला’ हेच शब्द कानी पडतात. २०१६ चा कायदा इंग्रजीत ‘दिव्यांग’ शब्द वापरत नाही. प्रस्तुत नोंदीत तो केवळ प्रचलित शासकीय संज्ञा म्हणून घेतला आहे.

चाळीस टक्क्यांचा उगम : लाभासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व हवे, ही अट १९९५ च्या समान संधी कायद्याने आणली असे सर्रास लिहिले जाते. त्या कायद्याच्या व्याख्येत ही अट आहे हे खरे. परंतु केंद्रीय कल्याण मंत्रालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये अपंगत्वाच्या एकसमान व्याख्या जाहीर केल्या, तेव्हाच कोणत्याही सवलतीसाठी किमान ४० टक्क्यांची मर्यादा घातली होती. म्हणजे कायद्याने आधीचाच प्रशासकीय आकडा स्वीकारला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. याहून मागे जाऊन या आकड्याचे नाते १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याशी जोडता येईल का, हा प्रश्न उरतो. त्या कायद्याच्या परिशिष्टात अवयवहानीचे टक्के आहेत. उदा., दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गमावल्यास ४०, तर डोळा शाबूत राहून त्याची दृष्टी गेल्यास ३०. साम्य लक्षणीय आहे, पण ते टक्के कमाईच्या क्षमतेतील घट मोजतात, शरीराची न्यूनता नव्हे. आकडा तोच असला तरी मोजलेली गोष्ट वेगळी आहे. म्हणून थेट वारसा सांगणे धाडसाचे ठरेल.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने (अंमल १९ एप्रिल २०१७ पासून) दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. ४० टक्क्यांची रेषा मात्र ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ या नावाने कायम ठेवली.

मोजणी : मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी २०१८ मध्ये निघाली आणि मार्च २०२४ मध्ये सुधारली गेली. एकाच व्यक्तीत दोन न्यूनता असल्यास त्यांची साधी बेरीज करत नाहीत. मोठा टक्का ‘अ’ आणि लहान टक्का ‘ब’ धरल्यास एकत्रित प्रमाण अ + ब (९० − अ) ÷ ९० इतके येते. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली व दुसरा डोळा उत्तम असेल, तर २०१८ च्या तक्त्यानुसार ३० टक्के मिळतात. म्हणजे एकाक्ष व्यक्ती एरवी रेषेच्या खालीच राहते. तिला ऐकूही कमी येत असेल आणि त्याचे २० टक्के धरले गेले, तर बेरीज ५० न होता सुमारे ४३ होते. श्रवणदोष १५ टक्के असेल तर नेमके ४०, आणि १४ असेल तर रेषा हुकते. ‘टक्के कमी पडले’ असे रुग्णालयाबाहेर ऐकू येते त्यामागे पुष्कळदा हे गणित असते. अर्जदाराला ते कुणीतरी समजावून सांगायला हवे, पण क्वचितच सांगितले जाते.

मानसिक आजारासाठी ‘आयडियाज’ ही मापनश्रेणी वापरतात. स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार अंगांना प्रत्येकी ० ते ४ गुण, त्यात आजाराच्या कालावधीचे १ ते ४ गुण, असे एकूण २० पैकी गुण होतात. ७ किंवा अधिक गुण म्हणजे ४० टक्के वा त्याहून अधिक. दोन वर्षांहून कमी काळाच्या आजाराला कालावधीचा एकच गुण मिळतो, दहा वर्षांहून जुन्याला चार. म्हणून जुने केस पेपर जपून ठेवणे हा येथे निव्वळ टापटिपीचा प्रश्न नाही, गुणांचा आहे.

अर्ज : राज्यात आधी ‘एसएडीएम’ या संगणकप्रणालीतून दाखले निघत. १ जून २०२१ पासून देशभर केंद्राच्या स्वावलंबन संकेतस्थळावरूनच दाखला देणे बंधनकारक झाले. त्यासोबत मिळणाऱ्या वैश्विक ओळखपत्राला सगळे ‘यूडीआयडी कार्ड’ म्हणतात. आधार, छायाचित्र आणि रहिवासाचा पुरावा जोडून अर्ज ऑनलाइन भरायचा आणि रुग्णालयाने दिलेल्या दिवशी तपासणीला हजर व्हायचे. बोलीत या दिवसालाच ‘बोर्डाची’, म्हणजे वैद्यकीय मंडळाची, ‘तारीख’ म्हणतात. पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालय व औंधचे जिल्हा रुग्णालय ही प्रमुख ठिकाणे आहेत. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयही परिचित आहे. नियमांनुसार राहत्या जिल्ह्यात, किंवा जेथे उपचार झाले त्या सरकारी रुग्णालयात अर्ज करता येतो. भोर किंवा जुन्नरहून आलेल्या माणसाला सोबत एक जण आणावा लागतो आणि दोघांचाही रोज बुडतो. तारीख पुढे गेली की हा खर्च दुप्पट होतो.

२०१६ च्या अधिनियमाखालील २०१७ च्या नियमांत निर्णयासाठी एक महिन्याची मुदत होती. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. दोन वर्षांत निर्णय झाला नाही तर अर्ज निष्क्रिय होतो आणि तो नव्याने करावा किंवा पुन्हा सुरू करून घ्यावा लागतो, अशीही तरतूद तेव्हा आली. विलंब यंत्रणेचा आणि त्याची शिक्षा अर्जदाराला, हे न्याय्य म्हणता येत नाही. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ५८ नुसार दाखला देशभर वैध असतो.

लाभ : तपशील सर्वपरिचित असल्याने येथे मोजकेच दिले आहेत. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची. तिचा अर्ज तहसील कार्यालयात जातो. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे, आणि २०२५ मध्ये त्यांचे मासिक अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी ८० टक्के दिव्यांगत्व व दारिद्र्यरेषेखालील नोंद लागते. एसटीत तिकिटावर ७५ टक्के सवलत आहे. ६५ टक्के व त्यापुढील दिव्यांगत्व असल्यास सोबत्याला निम्मे भाडे पडते. पीएमपीचा (पुण्याच्या शहर बससेवेचा) मोफत पास महापालिकेमार्फत मिळतो.

नकार व अपील : नकार दोन जातींचा असतो. पहिला वैद्यकीय : दाखलाच नाकारला गेला, किंवा टक्के कमी लागले. दुसरा प्रशासकीय : दाखला मान्य आहे, पण उत्पन्न, वय किंवा रहिवास या कारणाने लाभ नाकारला. दोन्हींचे दरवाजे वेगळे आहेत.

वैद्यकीय निर्णयाविरुद्ध त्याच अधिनियमाच्या कलम ५९ खाली राज्य शासनाने नेमलेल्या अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येते. त्यासाठी हातात कागद लागतो. दाखला नाकारताना कारणे विहित नमुन्यात (२०१७ च्या नियमांतील नमुना ८) लेखी कळवणे बंधनकारक आहे. ‘तुमचं बसत नाही’ असे खिडकीवर तोंडी सांगून परत पाठवले, तर अपील करण्यासारखा निर्णयच कागदावर उरत नाही. म्हणून लेखी नकार मागून घेणे ही अपिलाची खरी पहिली पायरी होय. तो मिळत नसेल तर माहिती अधिकारात तपासणीच्या नोंदीची प्रत मागता येते. ती ३० दिवसांत मिळायला हवी. अपिलात केवळ परिस्थिती हलाखीची आहे असे लिहून भागत नाही. कोणता सांधा, कोणता डोळा, कोणता गुण चुकीचा धरला, हे नव्या तपासण्यांसह दाखवावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात, केवळ टक्क्यांच्या आकड्यावरून उमेदवार अपात्र ठरत नाही, असे स्पष्ट केले. अपिलीय यंत्रणा उभी होईपर्यंत अशा प्रकरणांत नामवंत वैद्यकीय संस्थेचे मत घेण्याचा मार्गही त्यात सांगितला आहे. त्याआधी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लागू नाही असा निकाल त्याच न्यायालयाने दिला होता. हे दोन निर्णय वाचल्याशिवाय शैक्षणिक सवलतीचा नकार कुणी निमूट स्वीकारू नये.

दुसऱ्या जातीच्या नकारात आयुक्तालय उपयोगी पडते. राज्य आयुक्तांना हक्कभंगाची चौकशी करता येते आणि साक्षीदार बोलावण्यासारखे दिवाणी न्यायालयाचे अधिकारही असतात. त्यांचा निष्कर्ष मात्र शिफारशीच्या रूपात असतो. संबंधित कार्यालयाने त्यावर काय केले ते तीन महिन्यांत कळवायचे, आणि शिफारस मानली नाही तर कारण द्यायचे. टक्क्यांविषयीची तक्रार येथे दाखल केल्यास ती योग्य जागी पाठवली जाते. तेवढ्यात अपिलाचा मोलाचा काळ जातो. दोन्ही मार्ग खुंटल्यास राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. पुण्यात या न्यायालयाचे खंडपीठ नसल्याने त्यासाठी मुंबई गाठावी लागते.

खडकी आणि वानवडी येथील लष्करी पुनर्वसन संस्थांमुळे पुण्यात जखमी व निवृत्त सैनिकांची संख्या मोठी आहे. त्यांचे दिव्यांगत्व निवृत्तिवेतन वर सांगितलेल्या व्यवस्थेत येत नाही. ते लष्कराच्या वैद्यकीय मंडळाच्या निर्णयावर ठरते आणि त्याविरुद्धची दाद सशस्त्र दल न्यायाधिकरणात मागितली जाते.