ऑकल्ट रॉक

ऑकल्ट रॉक : सैतान, चेटूक, कर्मकांड आणि गूढविद्या हे विषय गाण्यांत आणणारा व आवाजाने मात्र १९७० च्या आसपास मुक्काम ठोकून बसलेला हेवी रॉकचा एक प्रकार. तो दोनदा जन्मला. पहिल्यांदा १९६९-७० मध्ये अमेरिका आणि इंग्लंडमध्ये, बिनानावाचा. दुसऱ्यांदा २००० नंतर मुख्यतः स्वीडन, नेदरलँड्स, इंग्लंड आणि कॅनडात. नाव, निष्ठावंत श्रोते आणि ‘हा वेगळा प्रकार आहे’ ही जाणीव दुसऱ्या जन्मातली.

नवख्या श्रोत्याचा पहिल्याच गाण्याला गोंधळ उडतो, कारण शब्द भयंकर आणि चाल गोड असते. ब्लॅक मेटल या हेवी मेटलच्या टोकाच्या प्रकारातले आरडाओरडीचे गायन किंवा ड्रमचा भडिमार इथे नाही. स्वच्छ, बहुतेकदा स्त्रीचा आवाज, ब्लूजच्या अंगाने झुलणारा ठेका, हॅमंड ऑर्गन, मध्येच बासरी, आणि फझ पेडलमधून खरखरत येणारी गिटार. विषय माहीत नसेल तर यातली निम्मी गाणी प्रेमगीते म्हणून खपून जातील.

शिकागोतून पुढे आलेल्या ‘कोवेन’ या बँडने १९६९ साली ‘विचक्राफ्ट डिस्ट्रॉइज माइंड्स अँड रीप्स सोल्स’ हा अल्बम काढला. गायिका जिंक्स डॉसन. शेवटी सुमारे तेरा मिनिटांची ‘सैतानी मिस्सा’, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीची उलटी नक्कल, ध्वनिमुद्रित केलेली. तेवढ्यात मॅन्सन टोळीच्या हत्याकांडाने अमेरिका हादरली, एस्क्वायर मासिकाने कॅलिफोर्नियातल्या सैतानी वातावरणावरच्या लेखात या अल्बमचा उल्लेख केला आणि कंपनीने तो बाजारातून काढून घेतला. योगायोग असा, की त्यातल्या पहिल्याच गाण्याचे नाव ‘ब्लॅक सॅबथ’, आणि बास वाजवणाऱ्याचे नाव ऑझ ऑस्बोर्न. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या प्रसिद्ध बँडशी आणि त्याचा गायक ऑझी ऑस्बोर्नशी याचा काडीचा संबंध नाही. तरी वाद घालायला चाहत्यांना अर्धे शतक पुरले आहे.

इंग्लंडमध्ये लेस्टरच्या ‘ब्लॅक विडो’ या बँडने १९७० च्या ‘सॅक्रिफाइस’ अल्बमबरोबर रंगमंचावर नाटकी बळीविधी केला. त्यासाठी अ‍ॅलेक्स सँडर्स या विक्का या आधुनिक चेटूक-पंथाच्या प्रसिद्ध गुरूचा सल्लाही घेतला. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी. त्याच्या शीर्षकगीताचा कणा तीन सुरांचा : षड्ज, वरचा षड्ज आणि मग तीव्र मध्यम. पाश्चात्त्य संगीतात षड्ज-तीव्र मध्यमाच्या या अंतराला ट्रायटोन म्हणतात आणि त्याच्याशी सैतानाचे नाव जोडलेले आहे. यमन ऐकत वाढलेल्या कानाला तीव्र मध्यमात भीतीदायक असे काही सापडत नाही. भीती तिथे आली ती संथ लय, कर्कश गिटार आणि मागे वाजणारा पाऊस-घंटानाद यांतून. गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. त्याने प्लास्टिकच्या टोप्या करून बोटांना चढवल्या, तारा हलक्या लावल्या आणि पुढे १९७१ पर्यंत त्या दीड स्वर खाली उतरवल्या. जड आवाजाचा उगम असा जखमेत आहे, कुठल्या मंत्रतंत्रात नव्हे.

व्हर्जिनियातला ‘पेंटाग्राम’ हा बँड १९७१ पासून असाच आवाज काढत होता, पण त्याचा पहिला पूर्ण अल्बम यायला १९८५ उजाडले. दुसऱ्या जन्माचे बीज याच अपयशात पडले. स्वीडनमधल्या ओरेब्रोच्या मॅग्नस पेलांडरने २००० साली ‘विचक्राफ्ट’ बँड जमवला तो पेंटाग्रामचा गायक बॉबी लीबलिंग आणि टेक्सासचा गायक रॉकी एरिक्सन यांना मानवंदना देण्यासाठी. २००४ चा त्यांचा अल्बम तारीख न सांगता ऐकवला, तर १९७२ चा वाटावा. तो निघाला ‘राइज अबव्ह’ या लंडनच्या छोट्या कंपनीतून. तिचा मालक ली डोरियन हा एकेकाळचा नेपाम डेथ या बँडचा गायक, आणि या पुनर्जन्माची खरी सुईण. टोरंटोच्या ‘ब्लड सेरेमनी’ची बासरी वाजवणारी गायिका आलिया ओब्रायन, केंब्रिजचे ‘अंकल अ‍ॅसिड अँड द डेडबीट्स’ हेही त्याच दारातून आले.

हा जुनाट आवाज आपोआप येत नाही. व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर, चुंबकीय फीत, ड्रमवर मोजकेच माइक असा खटाटोप करावा लागतो. ‘इलेक्ट्रिक विझर्ड’ या इंग्लिश बँडने २००७ चा ‘विचकल्ट टुडे’ हा अल्बम लंडनच्या टो रॅग स्टुडिओत, जुन्या यंत्रांवर मुद्रित केला. पूर्वीच्यांनी जे नाइलाजाने केले, ते हे लोक हौसेने करतात.

श्रद्धा किती आणि सोंग किती, हा या प्रकारातला जुना प्रश्न. स्वीडनच्या लिंकोपिंगमधला ‘घोस्ट’ उघड सोंगाच्या बाजूचा : कवटीतोंडाचा पोप, मुखवटे घातलेले अनामिक वादक, लॅटिन प्रार्थनांची उलटापालट. गोव्यात किंवा वसईत मिस्सेला बसलेल्या वाचकाला यातली चेष्टा चटकन कळेल. इतरांना ती नुसती वेशभूषा वाटते. २०१० च्या ‘ओपस एपोनिमस’पासून सुरू झालेला हा खेळ २०१६ मध्ये ग्रॅमीपर्यंत पोहोचला. २०१७ मध्ये जुन्या वादकांनी पैशांवरून खटला भरला आणि मुखवट्यामागचा टोबियास फोर्गे जगापुढे आला. सैतानाने राखलेले गुपित हिशेबाच्या वहीने फोडले.

दुसऱ्या टोकाला आइंडहोवनचा ‘द डेव्हिल्स ब्लड’. सेलिम लेमूशी आणि त्याची बहीण फरिदा यांचा हा बँड अंगावर डुकराचे रक्त माखून मंचावर येई, आणि सेलिम ही आपली उपासना आहे असे गंभीरपणे सांगे. ‘द टाइम ऑफ नो टाइम एव्हरमोर’ (२००९) मधल्या दुहेरी-तिहेरी गिटारी आणि फरिदाचा शांत, ताठ आवाज ऐकताना वाटते, या प्रकारातले सर्वांत सुरेल काम हेच. बँड २०१३ च्या जानेवारीत मोडला. सेलिम २०१४ च्या मार्चमध्ये गेला. फरिदाने पुढे काही जुन्या साथीदारांना घेऊन ‘मोलासेस’ हा बँड उभा केला, तो नेदरलँड्समधल्याच टिलबुर्गच्या रोडबर्न महोत्सवाच्या निमंत्रणावरून.