गिटारच्या पोटात बॅटरी: कस्टम वायरिंगची पार्श्वभूमी

कस्टम इलेक्ट्रिक गिटार करून घ्यायचं ठरलं की पहिली चर्चा लाकडाची होते, मग बॉडीचा आकार, नेक, रंग, आणि वायरिंगचं नंतर बघू म्हणून ते शेवटी ढकललं जातं. साधी दोन पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक आणि कॉइल, जे तारेच्या कंपनाचा सिग्नल करतं) गिटार असेल तर चालून जातं. पण इलेक्ट्रॉनिक्स वेगळी हवी असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो, कारण स्विच किती, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे फिरते भाग) किती, बॅटरी आहे का, जॅक (केबल खुपसायचं सॉकेट) एक की दोन, हे ठरल्याशिवाय लाकूड आतून किती आणि कुठे कोरायचं हेच कळत नाही. आज लोक ज्या वायरिंगच्या मागे असतात त्यातली बरीचशी १९६३ ते १९८० या काळात कुणी ना कुणी करून पाहिलेली आहे, म्हणून ही पार्श्वभूमी मुख्यतः त्या काळाची.

त्याआधीचं थोडक्यात. १९३२ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये ॲल्युमिनियमची ओतीव लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार) बाजारात आली, तिच्या घोड्याच्या नालेसारख्या चुंबकाच्या पिकअपचं पेटंट १९३७ ला मिळालं. पन्नाशीच्या सुरुवातीला सॉलिड बॉडी गिटार कारखान्यात बनायला लागल्या तेव्हा वायरिंग कारखान्याच्या समजुतीप्रमाणे होती, वाजवणाऱ्याच्या नाही. फेंडर कंपनीच्या टेलिकास्टरचंच बघा, १९५२ पासून १९६७ पर्यंत तिच्या तीन जागांच्या स्विचमध्ये एक जागा मोठा कपॅसिटर (वरचा तीक्ष्ण आवाज गाळणारा भाग) लावून मुद्दाम घुमा, बेससारखा आवाज देण्यासाठी ठेवलेली होती, आणि दोन पिकअप असूनही दोन्ही एकत्र वाजवायची सोय नव्हती. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरला तीन पिकअप पण स्विच तीनच जागांचा, मग लोकांनी स्विच अधेमधे अडकवून ठेवत ते मधले दोन आवाज शोधून काढले, आणि कंपनीने पाच जागांचा स्विच कारखान्यातून द्यायला १९७७ उजाडलं. तेवीस वर्षं! १९५८ च्या जॅझमास्टरला ऱ्हिदमसाठी एक पूर्ण वेगळं सर्किट होतं, १ मेगओहमचा व्हॉल्यूम आणि ५० किलोओहमचा टोन, दोन्ही आडव्या चाकांवर. १९५९ ला मिशिगनच्या गिब्सन कंपनीने एका सेमी-हॉलो (अर्ध्या पोकळ) मॉडेलवर सहा जागांचा व्हॅरिटोन स्विच बसवला, त्यात चोक (तारेची कॉइल) आणि वेगवेगळे कपॅसिटर, पहिली जागा सोडली तर प्रत्येक जागेवर आवाजातला वेगळा पट्टा कापला जायचा. कल्पना चांगली, पण नुसतं कापत जाणारं सर्किट स्टेजवर पातळ वाटतं, आणि बऱ्याच मालकांनी ते काढून टाकलं.

खरी मजा सुरू होते ती १९६३ च्या ऑगस्टमध्ये, लंडनच्या एका उपनगरात. एक शाळकरी पोरगा, पुढे क्वीन बँडचा गिटारिस्ट झालेला ब्रायन मे, आणि त्याचे इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर वडील यांनी घरीच गिटार बनवायला घेतली, कारण विकतची परवडत नव्हती. नेक जुन्या शेकोटीच्या मेहॉगनीतून, फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या मोत्याच्या शिंपल्याच्या बटणांचे, ट्रेमोलोच्या (तारा सैल-घट्ट करून सूर डोलवणाऱ्या दांड्याच्या) स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या. हे सगळं पुष्कळांनी ऐकलेलं असतं. पण त्या गिटारचं स्विचिंग जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. आधी त्याने पिकअपही स्वतःच गुंडाळले होते, पण तार ओढून बेंड केली की चुंबकांच्या मांडणीमुळे विचित्र आवाज यायचा, म्हणून तीन तयार सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे पिकअप) विकत आणले आणि शिट्टी मारू नयेत म्हणून आत इपॉक्सी ओतलं.

आता जवळून बघू. प्रत्येक पिकअपला दोन स्लाइड स्विच, एक चालू-बंद आणि एक फेज (सिग्नलची दिशा) उलटा करायला, म्हणजे एकूण सहा. आणि तिन्ही पिकअप सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले. बंद केलेला पिकअप नुसता बायपास होतो, बाकीचे सुरू राहतात. गणित असं की प्रत्येक पिकअपच्या तीन अवस्था, बंद, सुलट, उलट, म्हणजे तीन पिकअपच्या २७. त्यातली सगळे बंद ही एक सोडली तर २६ उरतात. पण तिन्हींचा फेज एकदम उलटा केला तर कानाला काहीच फरक कळत नाही, त्यामुळे निम्मे, म्हणजे खरे वेगळे आवाज १३. एक-एकटे तीन, जोड्यांचे सहा, तिघांचे चार. त्या काळच्या स्ट्रॅटवर अधिकृत तीन होते हे लक्षात घ्या. सिरीजमुळे आउटपुटची बेरीज होते, इंडक्टन्सचीही (कॉइलचा झपाट्याने बदलणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) होते, म्हणून आवाज जाड आणि मधल्या पट्ट्यात भरलेला, स्ट्रॅटच्या पॅरलल (शेजारी-शेजारी जोडलेल्या) जोडीच्या बरोबर उलट स्वभावाचा. ब्रिज आणि मधला, दोन्ही सुलट, ही त्याची नेहमीची जोडी. याच गिटारपुढे पुढे जो गायक उभा राहिला, फ्रेडी मर्क्युरी, तो पाचगणीच्या शाळेत शिकलेला आणि तिथेच बँडमध्ये पियानो वाजवणारा, त्यामुळे हा आवाज आपल्याकडे ओळखीचा आहे, फक्त तो सहा स्विचमधून येतो हे माहीत नसतं.

आता ज्या निर्णयावर आजही भांडणं होतात त्याकडे येऊ. गिटारमध्ये बॅटरी घालायची का?

वादाचं मूळ असं. पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) पिकअप एकटा कधीच नसतो, त्याच्या पुढे पॉट असतात आणि केबल असते. साध्या केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) धरा, सहा मीटरची केबल म्हणजे ६०० च्या आसपास. सिंगल कॉइलचा इंडक्टन्स सव्वादोन-अडीच हेन्री असेल तर कॉइल आणि केबल मिळून साधारण ४ किलोहर्ट्झच्या आसपास एक उंचवटा तयार होतो, म्हणजे तेवढा पट्टा जास्त जोरात येतो, आणि ज्याला आपण त्या पिकअपचा आवाज म्हणतो तो बऱ्याच अंशी हा उंचवटा असतो. हमबकरचा (दोन कॉइलच्या, गुणगुण मारणाऱ्या पिकअपचा) इंडक्टन्स जास्त, म्हणून तोच उंचवटा ३ किलोहर्ट्झच्या खाली येतो. म्हणजे केबल बदलली, लांबी वाढवली की गिटार बदलते. शिवाय व्हॉल्यूम थोडा कमी केला की वरचा आवाज आधी मरतो.

१९६९ ला गिब्सननेच यावर एक धाडसी उत्तर काढलं, ज्या वादकाच्या, लेस पॉलच्या, नावाने त्यांचं प्रसिद्ध मॉडेल चालतं त्याच्याच आग्रहावरून. लो इम्पीडन्स पिकअप, म्हणजे कमी वेढ्यांची कॉइल, केबल कितीही लांब असो तिला फरक पडत नाही, थेट मिक्सरमध्ये घाला. दोन मॉडेल आली, त्यातल्या महागडीला वरच्या कडेवर चक्क मायक्रोफोन जोडायचं सॉकेट होतं. अडचण अशी की नेहमीच्या ॲम्पला जोडायचं तर ट्रान्सफॉर्मर असलेली खास केबल लागायची, आणि वादक केबल विसरतात, हरवतात, मित्राची वापरतात. १९७१ ला नवीन मॉडेलमध्ये ट्रान्सफॉर्मर गिटारच्या आतच घेतला, हाय-लो असा स्विच दिला. तरी ती मुख्य प्रवाहात आली नाही. माझं स्पष्ट मत आहे की आवाजाच्या बाजूने तो निर्णय बरोबर होता, लोकांना सवय नव्हती आणि गिटार जड होती एवढंच.

त्याच वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ग्रेटफुल डेड या मोठ्या टूरिंग बँडच्या साउंडवाल्या मंडळींनी दुसरा रस्ता धरला, लो इम्पीडन्स पिकअप आणि सोबत बॅटरीवरचा प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट), सगळं गिटारच्या आत. त्यांनी बनवलेले बेस महाग होते पण कल्पना पसरली, आणि १९७६ ला ॲक्टिव्ह (बॅटरीवरच्या) प्रीॲम्पचा बेस मोठ्या प्रमाणात कारखान्यातून बाहेर पडायला लागला. बेसवाल्यांनी बॅटरी पटकन स्वीकारली. गिटारवाले अडून बसले आणि त्यांचे आक्षेप सगळेच खोटे नव्हते. बफर (सिग्नल तितकाच ठेवून पिकअप आणि केबल वेगळे करणारं बॅटरीवरचं सर्किट) लावला की केबल पिकअपपासून तुटते, उंचवटा ४ वरून एकदम ८-१० किलोहर्ट्झकडे सरकतो आणि ज्या आवाजावर प्रेम केलं तो काचेसारखा कडक होतो. जुन्या पद्धतीचे फझ पेडल (आवाज मुद्दाम फाटका करणारे) तर बफरपुढे बिथरतातच, कारण त्यांचं इनपुट पिकअपच्या इम्पीडन्सवर भार टाकूनच चालतं. आणि बॅटरी ऐन कार्यक्रमात संपली तर? यातल्या पहिल्या आक्षेपाला उपाय साधा आहे, बफरच्या आधी ४७० पिकोफॅरडच्या आसपासचा एक छोटा कपॅसिटर टाकायचा, तो केबलची नक्कल करतो, उंचवटा जागेवर येतो. इतकी स्वस्त गोष्ट लोक करत नाहीत आणि बफरला शिव्या घालतात याचं मला वाईट वाटतं.

बॅटरीचा सगळ्यात हुशार वापर मला १९७९ च्या एका गिटारमध्ये दिसतो, ग्रेटफुल डेडच्याच मुख्य गिटारिस्टसाठी, जेरी गार्सियासाठी, एका कारागिराने सहा वर्षं घेऊन बनवलेली, पितळ आणि जड लाकडांची, वजन सहा किलोच्या घरात. तिच्यात दोन जॅक. पिकअपचा सिग्नल टोननंतर बफरमधून स्टीरिओ केबलने इफेक्टकडे जातो, तिथून परत गिटारमध्ये येतो, मग व्हॉल्यूम पॉटमधून ॲम्पकडे. म्हणजे व्हॉल्यूम कितीही कमी ठेवा, इफेक्टला मात्र पिकअपचा पूर्ण जोर मिळतो, आणि बोटांच्या दाबावर चालणारा एन्व्हलप फिल्टर हळू आवाजातही तसाच उघडतो-मिटतो. एक छोटा टॉगल दाबला की सगळे इफेक्ट बाहेर. या बफरने सिग्नल वाढवायचा नव्हताच, जितका आला तितकाच पुढे द्यायचा. ती गिटार २००२ ला लिलावात ९ लाख ५७ हजार ५०० डॉलरला गेली, पण इफेक्टकडे जाऊन परत येणाऱ्या त्या लूपची नक्कल कुणीही स्वस्तातल्या पार्टमध्ये करू शकतं, फक्त दोन जॅकची जागा आधी कोरलेली पाहिजे.

ऐंशीच्या दशकात बंद इपॉक्सीतले ॲक्टिव्ह पिकअप मेटलवाल्यांनी उचलले आणि बॅटरीचा वाद वेगळ्याच अंगाने मिटल्यासारखा झाला, कारण जास्त गेनला (सिग्नल खूप वाढवल्यावर) त्यांचा कमी हम (गुणगुण) सरळ उपयोगी पडत होता. त्यांना २५ किलोओहमचे पॉट लागतात, पॅसिव्हला २५० किंवा ५०० चे, म्हणून एकाच गिटारमध्ये दोन्ही जाती घालताना आजही लोक अडकतात. दरम्यान चार वायरींचे हमबकर, पुश-पुल पॉट (ओढला-दाबला की स्विचचं काम करणारे), चार पोलचा (एकदम चार जोडण्या बदलणारा) पाच जागांचा स्विच हे सगळं सुट्टं मिळायला लागलं, आणि कंपनीची वाट बघायची गरज संपली.

पुढे गिब्सनने थेट कॉम्प्युटरच आत घालायला घेतला. २००७ ला स्वतः ट्यून होणारी गिटार, २०१० ला आत इफेक्ट असलेली, ५५०० डॉलरच्या वरची, १८०० नगांची मर्यादित आवृत्ती. २०१५ ला तर जवळपास सगळ्या मॉडेलवर ऑटोमॅटिक ट्यूनर सक्तीने दिले आणि पुढच्याच वर्षी माघार घेतली. २०१८ ला ती कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात होती, आणि २०१९ ला त्या २०१० च्या मॉडेलच्या शेकडो गिटार यंत्राखाली चिरडल्या जातानाचा व्हिडिओ बाहेर आला. बघवत नाही तो. सहा स्लाइड स्विचची ती घरगुती गिटार अजून दुरुस्त होते कारण तिच्यातला प्रत्येक भाग सोल्डरिंग गनने काढता येतो. २०१० चा प्रोसेसर मात्र कुठून आणायचा?

आत्ता प्लॅन करणाऱ्यांसाठी यातून काही गोष्टी थेट लागू होतात. बॅटरी ठेवणार असाल तर तिचा डबा मागून वेगळा, स्क्रू न काढता उघडणारा ठेवा, आणि स्टीरिओ जॅक वापरा, कारण केबलची मोनो पिन आत गेली की जॅकची रिंग ग्राउंडला जोडली जाते आणि तेव्हाच बॅटरी सुरू होते, पिन काढली की बंद. बफर बायपास करणारा स्विच ठेवला तर बॅटरी मेली तरी गिटार वाजते, आणि फझवाल्यांचंही भांडण मिटतं. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत उघडे स्लाइड स्विच लवकर खरखरायला लागतात, तिथे बंद टॉगल बरे. कपॅसिटर, वायर, ९ व्होल्टची क्लिप लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळून जाते, पण चांगले ऑडिओ टेपरचे (कानाला सारखा वाटेल असा आवाज वाढवणारे) पॉट आणि चार पोलचे स्विच आधी हातात घ्या, त्यांची खोली मापा, आणि मगच कारागिराला कोरायला सांगा. २०१४ पासून छापील सर्किटच्या थरांची कॉइल असलेले पिकअपही मिळतात, एकाच पिकअपमध्ये दोन-तीन स्वभाव, पण त्यांना बॅटरी लागतेच, त्यामुळे ते घ्यायचे असतील तर डब्याची जागा पहिल्याच ड्रॉइंगमध्ये पाहिजे.