पित्ताशय काढल्यानंतरच्या पोटाच्या तक्रारी

पित्ताच्या पिशवीत खडे झाल्यामुळे ती शस्त्रक्रियेने काढल्यावर रुग्णाला जाणवणारी पोटदुखी, पोटफुगी, अपचन, पातळ शौच इ. लक्षणे. यांतील बहुतेक तात्पुरती असतात.

पित्त तयार होते यकृतात, दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ते साठवून दाट करते आणि स्निग्ध अन्न आले की लहान आतड्यात सोडते. पिशवी गेल्यावर हा साठा राहत नाही, पित्त थेट आतड्यात उतरत राहते. त्यामुळे पचन चालूच असते.

ही शस्त्रक्रिया प्रथम कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये १८८२ साली केली. दुर्बिणीतून ती १९८५ मध्ये जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी केली, तर भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी. मोठ्या छेदाऐवजी तीन-चार लहान छिद्रे आल्याने रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत कामाला लागतो. जड वजन मात्र काही आठवडे उचलू नये.

पहिल्या दिवसांत रुग्ण सर्वांत जास्त घाबरतात ते खांदा दुखू लागल्यावर. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी भरलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही अंश आत उरतो आणि श्वासपटलाला (छाती व पोट यांमधील स्नायूच्या पडद्याला) डिवचतो. श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मज्जारज्जूच्या एकाच भागात पोहोचते, म्हणून दुखते खांद्यात. वायू शोषला गेला की दोन-तीन दिवसांत हे दुखणे शमते. थोडे चालल्याने बरे वाटते. शस्त्रक्रियेआधीच ही कल्पना दिली, तर रुग्णाची एक रात्र तरी काळजीविना जाईल.

काहींना जेवल्याबरोबर शौचाला धावावे लागते. जादा पित्ताम्ले (पित्तातील आम्ले) मोठ्या आतड्यात पोहोचून तेथे पाणी ओढतात. सुरुवातीचे काही आठवडे तळण, लोणी, मलई कमी करून थोडे थोडे खाल्ले आणि तंतुमय अन्न हळूहळू वाढवले, की बहुतेकांचे पोट जागेवर येते. कायमचे पथ्य सहसा लागत नाही. जुलाब टिकलेच, तर पित्ताम्ले बांधून ठेवणारे कोलेस्टिरामिन हे औषध उपयोगी पडते.

खडे काढूनही जुने दुखणे तसेच राहते, तेव्हा ते मुळात पित्ताशयाचे होते का, हे पाहावे लागते. आम्लपित्त, जठरव्रण किंवा आतड्याचा क्षोभ असेल, तर पिशवी काढून तो जात नाही. सोनोग्राफीत खडे दिसले म्हणून पोटातली प्रत्येक तक्रार त्यांच्या माथी मारणे चूक आहे.

दुखणे रोज थोडे कमी होत जायला हवे. ते वाढत असेल, ताप, थंडी, सततची उलटी, डोळ्यांत पिवळेपणा, गडद लघवी किंवा पांढरट शौच दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पित्तगळती, पित्तनलिकेची इजा किंवा नलिकेत राहिलेला खडा ही त्यामागची कारणे असू शकतात. राहिलेला खडा बहुधा तोंडावाटे दुर्बीण घालून काढता येतो.