जुनी वेबसाइट बंद पडली, तर तिच्यावरचा कागद कसा शोधायचा?

‘गूगलवर सापडत नाही, म्हणजे गेलंच आता,’ असं म्हणत बरेच ग्राहक आमच्याकडे येतात. कुणाला कॉलेजची जुनी सूचना हवी असते, कुणाला ट्रस्टचा अहवाल, कुणाला भरतीची जाहिरात. पण धीर सोडू नका. सॅन फ्रान्सिस्कोची इंटरनेट आर्काइव्ह ही ना-नफा संस्था १९९६ पासून वेबसाइटच्या प्रती जपून ठेवते आहे. २००१ पासून त्या प्रती ‘वेबॅक मशीन’वर कुणालाही फुकट पाहता येतात. खालची पद्धत वापरलीत तर आमच्याकडे यायची गरजही कदाचित पडणार नाही.

आधी वेबसाइटचा पत्ता मिळवा. लोक इथेच अडतात. वेबॅकच्या चौकटीत ‘प्रवेश सूचना २०११’ असं लिहून उपयोग नाही. शब्द टाकले तर ते फार तर एखादी वेबसाइट सुचवतं, तिच्या आतल्या पानांवरचा मजकूर शोधत नाही. पत्ता दिला, की मात्र त्या पत्त्याच्या साठवलेल्या प्रती तारीखवार कॅलेंडरवर दिसतात. जुनं माहितीपुस्तक, लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड, जुना ई-मेल, सगळं चाळा.

मागे एक निवृत्त शिक्षिका सेवाज्येष्ठता यादीची जुनी सूचना शोधत आल्या होत्या. त्यांच्या संस्थेची वेबसाइट केव्हाच बंद झाली होती. मुखपृष्ठाची प्रत सापडली, पण त्यावरच्या ‘सूचना’ या दुव्यावर क्लिक केलं की पान कोरं. मग पत्त्यापुढे स्लॅश आणि स्टार (/*) टाकला. असं केलं की त्या वेबसाइटच्या साठवलेल्या फायलींची यादी येते. यादीच्या वर गाळणीची छोटी चौकट असते, तिच्यात ‘पीडीएफ’ हे इंग्रजी अक्षरांत लिहिलं आणि त्यांची सूचना समोर आली. पान हरवलं होतं, फाइल शाबूत होती. बाई स्क्रीनवरची आपली सेवाज्येष्ठता यादी दोनदा वाचत बसल्या.

तारखेकडे नीट लक्ष द्या. प्रतीच्या पत्त्यात चौदा आकडे असतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ही वेळ भारतीय नाही, साडेपाच तास मिळवावे लागतात. २०१४०३१२२०१५४५ म्हणजे आपल्याकडे १३ मार्च २०१४, पहाटेचे पावणेदोन. शेवटच्या तारखेचा वाद असेल, तर एका दिवसाचा हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. आणखी एक: आतल्या दुव्यावर क्लिक केलं, की दुसऱ्याच वर्षाची प्रत उघडू शकते. दर पानावर आकडे पुन्हा तपासा.

पानावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसला, तर प्रत बिघडलेली नाही. युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी नीट दिसण्याची आजची पद्धत, रुळण्याआधी अनेक मराठी वेबसाइट वेगळ्या फॉन्टमध्ये असत. तो फॉन्ट संगणकावर नसला की असं होतं. मजकूर आम्ही युनिकोडमध्ये बदलून देतो.

लॉगिनच्या आतलं किंवा फॉर्म भरल्यावर येणारं पान, म्हणजे आसनक्रमांक टाकून पाहिलेला निकाल, वेबॅकवर सहसा मिळत नाही. त्यासाठी वेळ घालवू नका.

शासन निर्णय हवा असेल, तर आधी शासनाच्याच संकेतस्थळावर शोधा. तुमच्याकडच्या झेरॉक्सवर शेवटच्या परिच्छेदात ‘त्याचा सांकेतांक’ म्हणून एक लांबलचक आकडा असतो. त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी असते. तोच आकडा टाकून शोधा, विषयाचे शब्द टाकण्यापेक्षा लवकर सापडतं.

कोर्टात द्यायचं असेल, तर नुसती प्रिंट काढून थांबू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. प्रिंट काढण्याआधीच वकिलांशी बोला.

आज चालू असलेलं एखादं पान उद्या लागेल असं वाटतं? वेबॅकवरच ‘सेव्ह पेज नाऊ’ आहे. तिथे पत्ता टाका, पान बहुतेक वेळा त्याच दिवशी साठवलं जातं.

तरीही अडलात तर या. येताना वेबसाइटचा पत्ता छापलेला कुठलाही कागद आणि अंदाजे वर्ष एवढं आणा. पहिली पंधरा मिनिटं शोधायचे आम्ही पैसे घेत नाही.